एगर्सबाईंचं माप

१

पोलीस तपास अधिकारी थेक्ला रोवेडर त्या घरात शिरल्या तेव्हा लोरे एगर्सबाईंना जाऊन चार दिवस झाले होते आणि दिवाणखान्यातला रेडिओ अजून चालूच होता. हलक्या आवाजात कुणीतरी समुद्रावरच्या वाऱ्याचा अंदाज सांगत होतं. थेक्लाबाईंनी आधी तो बंद केला. मग दोन्ही हात एकमेकांत गुंफून त्या क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. सोबतचा शिपाई खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंची ही सवय त्याला ठाऊक होती.

बाहेर बघण्यासारखं काही नव्हतंच. आठवडाभर हॅम्बुर्गवर धुकं बसलं होतं, आणि समोरचं चर्चसुद्धा नुसतं अंदाजाने असल्यासारखं वाटत होतं.

एगर्सबाई आरामखुर्ची आणि चहाचं छोटं टेबल यांच्यामध्ये, गालिच्यावर कुशीवर पडल्या होत्या. वय एकोणऐंशी. डॉक्टरांना फार विचार करावा लागला नाही. मेंदूत रक्तस्राव झालेला. मंगळवारी संध्याकाळी पडल्या असाव्यात आणि मध्यरात्रीच्या सुमारास प्राण गेला असावा. अंगावर जखम नाही, झटापट नाही.

म्हणजे पोलिसांचं काम तिथेच संपायला हवं होतं. ते संपलं नाही, कारण स्वयंपाकघरात स्टुलावर एक बाई अंगातला कोट न काढता बसली होती.

गेसीन ओल्डेनडॉर्फ तिचं नाव. वय एकसष्ट. नदीकाठच्या त्या जुन्या मोठ्या कपड्यांच्या दुकानात ती एकतीस वर्षं होती. दुकानाच्या कागदावर तिचा हुद्दा पर्सनल शॉपर असा होता. जुन्या गिऱ्हाईक बाया मात्र तिला आपली सोबतीण म्हणत. ज्यांना दुकानं धुंडाळायला वेळ नाही किंवा पायात बळ नाही, त्यांच्यासाठी ती निवडायची, आणायची, घालून दाखवायची आणि नको ते परत न्यायची. आज ती ‘नको ते परत न्यायला’च आली होती. घंटा वाजवून कुणी उघडेना, तेव्हा तिने आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडलं.

“परत काय न्यायचं होतं?” थेक्लाबाईंनी विचारलं.

गेसीनने पर्समधून घडी घातलेला कागद काढून दिला. एगर्सबाईंचा हात वर्षभरापासून थरथरत असे, म्हणून त्या मोठ्या सुट्या अक्षरांत पेन्सिलीने लिहीत. हेही तसंच होतं.

“प्रिय गेसीन, मी समुद्रावर चालले आहे. दुकानाच्या खिडकीत लावलेला हिरवा लोकरीचा कोट, फरच्या कॉलरचा, माप ४४, आणि तो मोत्यांचा दुपदरी सर पसंतीला पाठव. क्नोपकडे ठेव. मी शुक्रवारी परत येईन. शनिवारी येऊन, नको असेल ते घेऊन जा. लो. ए.”

कोट आणि सर मिळून अठरा हजार युरोंचा माल गुरुवारी दुपारी आला होता. इमारतीचा रखवालदार क्नोप याने सही करून घेतला होता. घरात त्याचा मागमूस नव्हता.

थेक्लाबाईंनी पाकीट उलटं केलं. टपालाचा शिक्का बुधवारचा होता. मंगळवारी मेलेल्या बाईने ते पत्र टाकलं होतं.

२

गेसीनला त्यांनी तिथेच, एगर्सबाईंच्या स्वयंपाकघरात प्रश्न विचारले. हळू आवाजात, मध्ये चहा करून देऊन. थेक्लाबाईंचा आवाज कधी चढत नसे. त्यामुळेच लोक त्यांना घाबरत.

पसंतीला माल देण्याची रीत जुनीच होती. भरवशाचं गिऱ्हाईक असेल तर सामान घरी जातं, तीन दिवस राहतं, ठेवलं त्याचे पैसे होतात. पावतीवर सही मात्र पाठवणाऱ्या सोबतिणीची. माल हरवला तर जबाबदारीही तिचीच. व्यवस्थापकांनी फोनवरच गेसीनला सांगून टाकलं होतं की गुरुवारपर्यंत उलगडा झाला नाही तर तिने टेबल रिकामं करावं. एकसष्टाव्या वर्षी, चोरीचा ठपका घेऊन गेलेल्या सोबतिणीला कुणी आपल्या कपाटाजवळ उभं करत नाही, हे तिने स्वतःच सांगितलं. ती रडली नाही. चहाच्या तळाशी विरघळत असलेल्या खडीसाखरेकडे बघत राहिली.

एगर्सबाईंची पंधरा वर्षं सोबत होती. सणाला, लग्नाला, नवऱ्याच्या अंत्ययात्रेला, सगळे कपडे गेसीननेच आणलेले.

“पत्र आल्यावर फोन केलात?”

“नाही.”

“एरवी करता?”

“दरवेळी करते. माल पाठवण्याआधी एकदा बोलून घेते.”

“मग या वेळी का नाही?”

गेसीनचा चेहरा पांढराफटक पडला.

“त्या समुद्रावर गेल्या असं लिहिलं होतं,” ती म्हणाली.

“त्यांच्याकडे मोबाइल आहे. मी पाहिला. पलंगाशेजारी आहे.”

थेक्लाबाईंनी तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने तोच प्रश्न विचारला, आणि तीनही वेळा ही बडबडी, माणसांत वावरलेली बाई दगडासारखी गप्प बसली. किल्ली तिच्याकडे, पत्रातलं अक्षर तिच्या ओळखीचं, माल तिनेच पाठवलेला. शिपायाने जिन्यात हळूच म्हटलं, की बाई, हे तर सरळ दिसतंय. थेक्लाबाई म्हणाल्या की जे इतकं सरळ दिसतं त्याची त्यांना नेहमीच थोडी भीती वाटते.

३

क्नोप हा साठीचा, गुडघेदुखीने कावलेला माणूस. आपल्यावर आळ येणार हे त्याने आधीच गृहीत धरलं होतं आणि त्यामुळे तो विचारण्याआधीच रागावला होता. पॅकेट त्याने खालच्या दालनातल्या सामानाच्या कपाटात ठेवलं. कपाटाला कुलूप असतं, पण ते कुठल्याही भाडेकरूच्या घराच्या किल्लीने उघडतं. तो सहाला घरी जातो. शुक्रवारी सकाळी पॅकेट नव्हतं, तेव्हा त्याला वाटलं बाई आल्या आणि घेऊन गेल्या.

“चार दिवस त्या दिसल्या नाहीत, तरी काही वाटलं नाही?”

“मोठ्या घरची माणसं दिसत नाहीतच, बाई,” क्नोप म्हणाला. “दिसली की कळतं, काहीतरी बिघडलंय. नळ, नाहीतर दिवा.”

बोलून झाल्यावर त्यालाच ते लागलं असावं. तो टोपी हातात फिरवत राहिला.

पुतण्या योर्न एगर्स संध्याकाळी आला. चाळिशीचा, जहाजांच्या विम्याचं काम करणारा. काकूकडे तो महिन्यातून एकदा यायचा आणि मंगळवारी तो रॉटरडॅमला होता, तिकिटं दाखवली. त्याने एक सांगितलं ते मात्र थेक्लाबाईंनी लक्षात ठेवलं. काकूला आपल्या बांध्याचा मोठा अभिमान. लग्नात होतं तेच माप आजही आहे, असं ती जेवणाच्या टेबलावर चारचौघांत सांगायची. वाढदिवसाला त्याच्या बायकोने एकदा एक झगा आणला, चव्वेचाळीस मापाचा, तर काकूने तो डबा न उघडल्यासारखा करून परत दिला आणि पुढे दोन महिने बोलली नाही.

तो गेल्यावर थेक्लाबाईंनी शयनगृहातलं कपाट उघडलं. लव्हेंडरचा वास आला. जॅकेटं, झगे, दोन काळे कोट. त्या एकेक मान उलटून बघत गेल्या. सगळ्यांवर बेचाळीस. एकूण सत्तावीस कपडे, सहा-सात वेगवेगळ्या कंपन्यांचे. इटालियन, फ्रेंच, एक इथल्याच शिंप्याचा.

त्या स्वतः बेचाळीस माप घालत. एक राखाडी जॅकेट काढून त्यांनी आपल्या अंगात घातलं. खांद्यावर ठीक होतं; पण कमरेशी मूठभर कापड हातात आलं. दुसरं घातलं, तेही तसंच. कंपन्यांच्या मापांत फरक असतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण सहा कंपन्या एकाच बाजूला कशा चुकतील?

त्यांनी चष्मा पुसून घातला आणि मापाची चिंधी दिव्याजवळ नेली. मापाच्या त्या छोट्या पट्टीला चारी बाजूंनी बारीक हातशिलाई होती. हस्तिदंती रंगाचा दोरा. इटालियन जॅकेटला तोच, फ्रेंच झग्याला तोच.

४

सोमवारी सकाळी त्यांच्या गल्लीतल्या चर्चमधली सातची प्रार्थना करून थेक्लाबाई दुकानात गेल्या. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, ट्रायल रूमच्या मागे, सोबतिणींची खोली होती. दोन टेबलं, एक आरसा, टेबलावर लाकडी पेटी. पेटीत गेसीनची चाळीस कार्डं होती. एकेक कार्ड म्हणजे एकेक बाई: छाती, कंबर, बूट, आवडीचे रंग, कुणाशी जाऊबाईंचं वैर आहे, कुणाला लोकर टोचते. काही कार्डांच्या मागे छोट्या खिशात घराची किल्ली. पेटीला कुलूप होतं, पण त्याची किल्ली टेबलाच्याच खणात असते हे या खोलीत काम करणाऱ्या तिघींना ठाऊक होतं: गेसीन, तिची सहकारी बिर्टे क्लासेन, आणि तळघरात कपड्यांची दुरुस्ती करणारी नूर्टेन आयदेमीर.

एगर्सबाईंच्या कार्डावर स्वच्छ लिहिलं होतं, माप ४४.

बिर्टे चाळिशीची, उंच, कानात बारीक मोती. दोन वर्षांपूर्वी ती दुसऱ्या शहरातून इथे आली होती. गेसीनबद्दल ती वाईट बोलली नाही. उलट इतकं चांगलं बोलली की थेक्लाबाईंना थंडी वाजली. मग आपल्या धंद्याबद्दल विचारल्यावर तिचा सूर बदलला.

“लोकांना वाटतं, आम्ही दुसऱ्याच्या पैशाने दिवसभर खरेदी करतो, काय मजा,” ती म्हणाली. “पगार म्हणाल तर भाडं भागेल एवढा. बाकी सगळं कमिशन. आणि गिऱ्हाईकाने माल परत केला की दिलेलं कमिशन पुढच्या महिन्यातून कापतात. ऑक्टोबरात माझ्या चार बायांनी सगळं परत केलं. एकीने तर लग्नात घालून, घामाच्या वासासकट.”

“गेसीनचं असं होत नाही?”

“तिच्या बाया काही परत करत नाहीत. त्यांना तिने आणलेलं सगळं बेतशीर बसतं.” बिर्टे हसली. “काय जादू करते कोण जाणे. आणि कार्ड जिने लिहिलं, बाई तिची, हा इथला कायदा. लेखी नाही, पण मोडत कुणी नाही. मी एकदा तिच्या एका बाईला नुसता स्कार्फ विकला, तर खाली तळघरापर्यंत बोभाटा झाला.”

“आणि गेसीन गेली तर?”

“तर कार्डं दुसरीकडे जातात,” बिर्टे म्हणाली आणि आरशात आपली कॉलर सारखी केली. मंगळवारी गेसीनची सुट्टी होती, त्या दिवशी आपण मजल्यावरच होतो, पाचला निघालो, असं तिने विचारायच्या आधी सांगितलं.

नूर्टेन तळघरात मशीनवर वाकलेली होती. पन्नाशीची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, तोंडात टाचण्या. गेसीनला ती आब्ला म्हणे, म्हणजे मोठी ताई. ताईने चोरी केली असं म्हणणाऱ्याच्या जिभेला टाका घालीन, असं तिने शांतपणे सांगितलं. एगर्सबाईंचा हिरवा कोट कसा होता, असं विचारल्यावर मात्र ती थबकली.

“तो मी पाहिलाच नाही,” ती म्हणाली. “खाली आलाच नाही माझ्याकडे.”

“तयार कोट होता. त्यात काय शिवायचं?”

“एगर्सबाईंचा एकही कपडा माझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर गेलेला नाही. पंधरा वर्षांत.”

थेक्लाबाईंनी तिच्यापुढच्या डब्यातलं दोऱ्याचं रीळ उचललं. हस्तिदंती रंग.

“कसला टाका असायचा, नूर्टेनबाई?”

नूर्टेनने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. मग म्हणाली, “ते आब्लाला विचारा. झाकली मूठ माझी नाही.”

५

गेसीन तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. भांड्यांच्या कपाटाऐवजी भिंतभर फॅशनची जुनी मासिकं होती. वाटाण्याचं सूप गॅसवर तसंच गार झालं होतं.

थेक्लाबाई बसल्या आणि कुठलाही प्रश्न न विचारता बोलू लागल्या.

“एगर्सबाईंचं खरं माप चव्वेचाळीस. तुम्ही चव्वेचाळीसचा कपडा घ्यायच्या, नूर्टेनबाई त्यावरची मापाची पट्टी काढून बेचाळीसची लावायच्या. बाईंना कपडा बेतशीर बसायचा, अंगावर आकडाही मनासारखा. म्हणून तुमच्याकडे काही परत येत नाही.”

गेसीन भिंतीवरच्या मासिकांकडे बघू लागली.

“गुरुवारी पत्र आलं. त्यात चव्वेचाळीस लिहिलेलं. तुम्हाला काय वाटलं?”

खालून बसचा घरघर आवाज आला आणि विरला.

“वाटलं, त्यांना कळलं,” गेसीन म्हणाली. “कुणीतरी सांगितलं असेल, किंवा डॉक्टरांकडे मोजलं असेल. पंधरा वर्षं मी त्यांना फसवलं, हे त्यांनी एका आकड्यात लिहून पाठवलं. माझी फोन उचलायची हिंमत झाली नाही. कोट तसाच पाठवला, खऱ्या पट्टीसकट. म्हटलं शनिवारी जाईन, पाय धरीन.” तिने हाताने तोंड झाकलं. “त्या तिथे पडून होत्या आणि मी माझ्या लाजेत बसून होते.”

थेक्लाबाईंनी तिला हे कळू दिलं, की गुरुवारी फोन केला असता तरी प्राण वाचले नसते. त्या आधीच गेल्या होत्या. फक्त दोन दिवस आधी सापडल्या असत्या. हे सांत्वन फार तोकडं आहे, हे त्यांनाही दिसत होतं.

मग त्यांनी बोटावर मोजावं तसं समजावलं. पत्र खोटं आहे. लिहिणाऱ्याला बाईंचं अक्षर ठाऊक होतं, आणि खालचं सामानाचं कपाट उघडायला घराची किल्ली लागली. क्नोपने किंवा पुतण्याने लिहिलं असतं तर त्यांनी बेचाळीस लिहिलं असतं. पुतण्याला काकूचा अभिमान पाठ होता, आणि घरातल्या सगळ्या कपड्यांवर तोच आकडा होता. नूर्टेन किंवा गेसीन लिहायला बसली असती तरी बेचाळीसच लिहिलं असतं. एगर्सबाई दुसरा आकडा जन्मात लिहिणार नाहीत हे त्या दोघींइतकं कुणाला ठाऊक? चव्वेचाळीस लिहील ते माणूस असं हवं, ज्याने कार्ड वाचलं आहे, पण कपड्याची मान उलटून कधी पाहिलेली नाही.

“पेटी उघडू शकणाऱ्या तिघी. त्यातल्या दोघी संशयातून सुटल्या.”

गेसीनने मान वर केली. नाव कुणीच उच्चारलं नाही.

“मला झडतीचा हुकूम हवा आहे,” थेक्लाबाई म्हणाल्या. “पॅकेट अजून तिच्याकडे असेल तर उद्यापर्यंत असेल. पण न्यायाधीश नुसत्या माझ्या तर्कावर हुकूम देणार नाहीत. तुमचा जबाब लागेल. पट्ट्या बदलता ते तुम्ही सहीनिशी सांगायला हवं.”

“आणि तो जबाब कोर्टात वाचला जाईल.”

“हो.”

“मग माझ्या चाळीसही बाया घरी जाऊन कपाटं उघडतील.” गेसीन हसल्यासारखी झाली. “चोर म्हणून जाईन नाहीतर लबाड म्हणून. मी चोर नाही हे मला माहीत आहे, बाई. ते पुरे नाही का? निवृत्तीला चार वर्षं आहेत. कुठेतरी मोजे विकीन.”

नूर्टेन सही द्यायला तयार होईल का, असं थेक्लाबाईंनी विचारलं. गेसीन ताडकन उठली. तिचं नाव यात आणायचं नाही, तिने माझ्या शब्दावर सुई चालवली, असं तिने बजावलं.

थेक्लाबाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. हे सांगावं की नाही याचा विचार त्या जिना चढतानापासून करत होत्या.

“एगर्सबाईंच्या टेबलावर एकच कप होता; त्याच्या जोडीचा दुसरा घाईत धुऊन फडताळात ठेवला होता. त्याच्या कानाला अजून चहाचा डाग होता. मंगळवारी कुणीतरी समोर बसलेलं होतं. डॉक्टर म्हणतात, पडल्यावर एगर्सबाई चार-पाच तास जिवंत होत्या.”

गेसीनने कोट चढवला. सूप झाकायचंही तिला सुचलं नाही.

६

मंगळवारी सकाळी आठला बिर्टेने दार उघडलं तेव्हा ती दुकानात जायच्या तयारीत होती. हुकूम तिने वाचला नाही. पलंगाखाली बघा, एवढंच म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

पॅकेट दुकानाच्या करड्या फितीने बांधलेलं, जसंच्या तसं होतं. गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

“विकायचं नव्हतंच,” थेक्लाबाई म्हणाल्या.

“मी काय चोर आहे?” बिर्टे म्हणाली. मग आपलंच वाक्य ऐकल्यासारखी थांबली.

ती मंगळवारी दालचिनीचे पाव घेऊन एगर्सबाईंकडे गेली होती. गेसीनच्या सुट्टीचा दिवस साधून. माझ्याकडे या, तुमच्यासाठी अधिक चांगलं आणीन, असं सांगायला. एक मोठं गिऱ्हाईक हाती लागलं असतं तर हिवाळा निघाला असता. एगर्सबाईंनी चहा दिला, पाव खाल्ला, आणि गोड आवाजात सांगितलं की गेसीनला मी पूर्ण ठाऊक आहे आणि मला ती. या वयात पुन्हा कुणाला माझं अंग ओळखायला शिकवू? मग त्यांच्या हातून साखरेचा चिमटा पडला. त्या वाकल्या आणि वाकल्याच.

“मी कप धुतला,” बिर्टे म्हणाली. “का धुतला ते मला अजून कळत नाही. कुणाला कळू नये की मी दुसरीच्या बाईकडे गेले होते. दुकानात एक दिवसही टिकले नसते.”

“त्या वेळी त्या जिवंत होत्या?”

शिपायाची चुळबुळ थांबली.

“डोळे उघडे होते,” ती शेवटी म्हणाली. “माझ्या बुटांकडे बघत होत्या. मला वाटलं रेडिओ चालू आहे, कुणीतरी ऐकेल.”

पत्राची कल्पना बुधवारी आली. कुणालाच काही कळलेलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत किल्लीसाठी तिने कार्ड काढलं, त्यावरचं माप पाहिलं, जुनं पत्र समोर ठेवून अक्षरं गिरवली. गेसीनच्या सहीचा माल हरवला की गेसीन गेली. गेसीन गेली की पेटी तिची. हिशेब इतका सोपा होता की त्यात चूक कुठे झाली, हे तिने दोनदा विचारलं.

थेक्लाबाईंनी तिला सांगितलं नाही. ते कोर्टात कळणारच होतं.

७

कोर्टात ते कळलं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. मथळा गमतीशीर होता. शहर दोन दिवस हसलं.

जानेवारीच्या शेवटी शेवटच्या कागदावर सही घ्यायला थेक्लाबाई दुकानात गेल्या. खिडक्यांवर बर्फाचं पाणी ओघळत होतं. सोबतिणींच्या खोलीत आता एकच टेबल होतं. व्यवस्थापकांनी गेसीनची माफी मागितली होती आणि त्याच दमात सांगितलं होतं की पट्ट्या बदलणं बंद. तिच्या चाळीस बायांपैकी बावीस जणींनी फोनसुद्धा न करता दुसरं दुकान धरलं. दोघींनी येऊन विचारलं, माझं किती होतं गं? तिने सांगितलं. एक रडली, दुसरी न बोलता निघून गेली. एका न्यायाधीशांच्या विधवेने तेवढा निरोप पाठवला, की मला वीस वर्षं ठाऊक आहे, आता नवीन खूळ काढू नकोस, मार्चसाठी काहीतरी निळं बघ.

बिर्टेची कार्डं गेसीनला देऊ केली होती. तिने ती घेतली.

“पोट आहे, बाई,” ती म्हणाली. “त्या बाया सगळं परत करतात. मागच्या महिन्यात माझ्या हातात जे आलं ते बघून मला बिर्टेची आठवण झाली. राग नाही आला, याचंच वाईट वाटलं.”

तिने सही केली. पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“त्या म्हणाल्या ना बिर्टेला, गेसीनला मी पूर्ण ठाऊक आहे आणि मला ती. जबाबात वाचलं मी. रात्री ते वाक्य मला झोपू देत नाही.” तिने वर पाहिलं. “तुम्ही त्यांचं घर पाहिलंत, कागद पाहिलेत. त्यांना माहीत होतं का हो? पट्ट्यांचं? कळूनही त्या मला काही बोलल्या नाहीत, की शेवटपर्यंत मी सांगितलेलंच खरं मानून गेल्या?”

ज्याचा पुरावा नाही ते तोंडातून काढायचं नाही, हा थेक्लाबाईंचा चौतीस वर्षांचा नेम होता. एगर्सबाईंच्या घरात त्यांना या प्रश्नाचं कुठलंच उत्तर सापडलं नव्हतं. यातलं कुठलं उत्तर या बाईला कमी टोचेल, हेही त्यांना नीट ठरवता येईना. त्यांनी गेसीनच्या चेहऱ्याकडे पाहिलं, सावकाश, एखाद्याचं माप घ्यावं तसं.

“माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “आणि त्यांना ते आवडत होतं.”

गेसीनने डोळे पुसले नाहीत. मान हलवली, कार्डांची पेटी पुढे ओढली आणि निळ्या कापडांचे नमुने काढू लागली.

थेक्लाबाई खाली रस्त्यावर आल्या तेव्हा साडेतीन वाजले होते. प्रार्थनेला अजून बराच अवकाश होता, तरी त्या चर्चच्या दिशेनेच चालू लागल्या.